कुलूप आधी, किल्ली शेवटी

"नमस्कार. मी कराडची. लग्नाआधी पुण्यात एका कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटरमध्ये सहा वर्षं डेटा रिकव्हरीचं, म्हणजे बिघडलेल्या डिस्क-कार्डांतल्या फाइली परत काढण्याचं काम केलं. मुलगी झाल्यावर इकडे आले आणि दोन वर्षांपूर्वी घरच्या माडीवरच्या खोलीत तेच काम सुरू केलं. काम मिळतंय, हातही बसलाय. अडतंय ते पैसे आणि फाइली यांच्यापाशी. पैसे माझ्या मोबाइल नंबरवर घेते, म्हणजे घराचा हप्ता जातो त्याच खात्यात. मागच्या महिन्यात सांगलीच्या एका फोटोग्राफरनं साडेसहा हजार पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला. मी लगेच गूगल ड्राइव्हवरच्या फाइलींची लिंक दिली. पैसे अजून आले नाहीत. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा १८० जीबी डेटा तीन दिवस अपलोड करत होते, वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. आता दुबईतल्या एका ओळखीच्यांचं काम येऊ घातलंय, त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे? मैत्रीण म्हणते, वेबसाइट कर, पेमेंट गेटवे लाव, सगळं आपोआप होईल. सासरे म्हणतात, अनोळखी माणसाचे पैसे खात्यात घेऊ नकोस, खातं गोठवतात. कुणाचं ऐकू?"

– एक वाचक, कराड

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका माडीवर मी १४ वर्षं हेच काम केलं. त्यामुळे त्या स्क्रीनशॉटचं वाचून पोटात कालवलं. रात्र रात्र बसून मेमरी कार्ड वाचवायचं, समोरच्याची अडचण मनावर घ्यायची, आणि शेवटी फोन उचलणं बंद. हा अनुभव या धंद्यातल्या बहुतेकांना एकदा तरी आलेला असतो. तुम्ही भोळ्या होता म्हणून तो आला असं मनात आणू नका. पद्धत नव्हती म्हणून आला, आणि पद्धत बसवता येते.

तुम्ही पैशांचा प्रश्न वेगळा विचारलाय आणि फाइलींचा वेगळा. मला वाटतं, गाठ तिथेच बसली आहे. वाण्याच्या दुकानात एका हातानं नोट जाते, दुसऱ्या हातात पुडा येतो, दोन्ही एकाच क्षणी. आपलं गिऱ्हाईक सांगलीला आणि आपण कराडला, त्यामुळे तो क्षण फुटतो. फाइली आधी दिल्या की तुम्ही अडकता, पैसे आधी मागितले की त्याला वाटतं आपण अडकलो. गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली सेवा, लावला काय, वेबसाइट केली काय, हा फुटलेला क्षण त्यानं सांधला जात नाही. तो कुलपानं सांधता येतो.

मी शेवटची काही वर्षं असं करायचो. डेटा निघाला की आधी गिऱ्हाइकाला फाइलींची यादी दाखवायची. त्यानं "हेच हवं होतं" असं लेखी कळवलं की सगळा डेटा सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रॅमनं पासवर्ड घालून बंद करायचा आणि तो कुलूपबंद गठ्ठा त्याच्याकडे रवाना करायचा, नेटवरून किंवा डिस्कवर. गठ्ठा त्याच्या कॉम्प्युटरवर पोचला, आकार जुळला, की तो पैसे भरतो. पैसे माझ्या खात्यात दिसले की मी फोन करून पासवर्ड सांगतो. अपलोडला दोन दिवस लागोत नाहीतर दोन तास, पैसे आणि किल्ली यांची अदलाबदल दोन मिनिटांत होते. वाण्याच्या दुकानातला क्षण परत मिळतो.

एक गोष्ट मात्र फार जपा. फाइलींना कुलूप लावून पैसे मागणं हेच काम खंडणीवाले व्हायरसही करतात. आधी न सांगता हे केलंत तर एखादा घाबरून थेट पोलिसांत जाईल, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही. म्हणून डिस्क हातात घेतानाच, पावतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: तपासणी फी किती, काम झालं तर एकूण किती, यादी मंजूर केल्यावर डेटा पासवर्डसह मिळेल, उरलेली रक्कम जमा झाल्यावर पासवर्ड मिळेल. खाली सही. गिऱ्हाईक परगावचं असेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून "मान्य आहे" असं उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत डिस्कला हात लावू नका. आणि एकदा ठरलेला आकडा वाढवू नका. कार्डात वडिलांच्या शेवटच्या दिवसांचे फोटो आहेत हे कळल्यावर दर चढवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते पैसे कुठल्याही ॲपमधून आले तरी वाईटच.

आता यादीबद्दल थोडं सविस्तर, कारण भांडणं पैशांवरून दिसतात पण त्यांचं मूळ यादीत असतं. "डेटा नाही तर चार्ज नाही" असं आपण सगळेच म्हणतो. पण डेटा म्हणजे काय? तुम्ही ४० हजार फाइली काढल्यात आणि त्याला हवा होता तो मुलीच्या बारशाचा एकच व्हिडिओ, आणि नेमका तोच फुटका निघाला, तर काम झालं की नाही? म्हणून डिस्क घेताना विचारा, "यातलं काय मिळालं नाही तर बाकी सगळं तुम्हाला फुकट?" ती दोन-तीन नावं पावतीवर लिहून घ्या. शेवटी यादी दाखवताना ती सगळ्यात वर.

कधी कधी गिऱ्हाइकाला स्वतःलाच ठाऊक नसतं की त्याचं धन कुठे आहे. व्यापाऱ्याचा टॅलीचा हिशेब असतो नुसत्या आकड्याच्या नावाच्या एका फोल्डरात, १०००० वगैरे. तो यादीत बघून म्हणतो, यात आमच्या फर्मचं नाव कुठेच नाही. छपाईवाल्याच्या जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात केलेल्या असतात. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला तर उघडल्यावर नुसती चिन्हंच चिन्हं, आणि तो समजतो डेटा खराब झाला. माझ्याकडे एका लग्नपत्रिकावाल्यानं याच कारणावरून पैसे द्यायला नकार दिला होता. त्याच्याच कॉम्प्युटरवर जाऊन फाइल उघडून दाखवली तेव्हा कुठे चेहरा सैल झाला. आणि कार्ड फॉरमॅट झालेलं असेल तर फोटो निघतात पण नावं निघत नाहीत, नुसते क्रमांक. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

यादी दाखवायला गिऱ्हाइकाला एनीडेस्कसारखं, दुरून दुसऱ्याचा स्क्रीन चालवणारं ॲप टाकायला सांगू नका. असल्या ॲपमधून खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच दिलाय आणि लोकांना तो आता पाठ झालाय, चांगलंच आहे. त्यापेक्षा तुम्ही व्हिडिओ कॉल लावा आणि तुमचा स्क्रीन त्याला दाखवा. दहा-बारा फोटो लहान करून, एखादा व्हिडिओ अर्धा मिनिट चालवून. त्याच्या मोबाइलला कुणी हात लावत नाही, तुमच्याकडून एकही मूळ फाइल जात नाही, आणि खात्री दोघांची होते.

कुलूप घालताना तीन-चार गोष्टी सांभाळा. सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार न घेता सेव्हन-झेड घ्या आणि फाइलींची नावंही लपवण्याची खूण करा. नाहीतर आतलं उघडलं नाही तरी "घटस्फोट अर्ज" आणि "बायोप्सी रिपोर्ट" ही नावं कुणालाही वाचता येतात. या प्रकारात देवनागरी नावंही शाबूत राहतात. जुन्या साधनांनी केलेल्या झिपमध्ये त्यांचा चुराडा होतो. फोटो-व्हिडिओ दाबून लहान होत नाहीत, म्हणून दाबण्याचा पर्याय बंद ठेवा, वेळ वाचेल. गठ्ठ्याचे २ जीबीचे तुकडे करा. पासवर्ड म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख कधीच नको. रोमन अक्षरांतले चार-पाच असंबद्ध शब्द आणि मध्ये आकडे, जे फोनवर एकेक अक्षर सांगता येतील. लिंक ईमेलनं गेली असेल तर पासवर्ड ईमेलनं जाऊ नये, फोनवरच सांगावा. आणि प्रत्येक कामाचा पासवर्ड वेगळा.

तुकडे करण्याचा फायदा तुमच्या १८० जीबीला झाला असता. ९० तुकडे होतात. वीज गेली तर जो तुकडा वर जात होता तेवढाच पुन्हा. ब्राउझरमधून ओढून टाकण्यापेक्षा ड्राइव्हचं कॉम्प्युटरवर बसणारं ॲप वापरा, ते राहिलेल्या ठिकाणाहून पुढे जातं. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच्यावर घ्या. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्या फाइलीवरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून यादीसोबत द्या. सेव्हन-झिप बसवलं की राइट क्लिकमध्ये त्याची सोय असते. तोच आकडा गिऱ्हाइकाकडे निघाला म्हणजे वाटेत काही बिघडलं नाही. "तुमची फाइल खराब आली" या वादाला पुढे जागा राहत नाही.

पण खरं सांगू? तो १८० जीबीचा डेटा नेटवर टाकायलाच नको होता. तुमच्या प्लॅनवर जो वेग लिहिलेला असतो तो मेगाबिटमध्ये, आणि आपण फाइली मोजतो बाइटमध्ये. मध्ये आठाचा भागाकार आहे. शिवाय अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असू शकतो. एकदा मोजून बघा. तो १० मेगाबिट भरला तर १८० जीबीला ४० तास लागतात, तेही एकदाही न अडखळता. कराड ते पुणे साधारण १६० किलोमीटर. सकाळी एसटीच्या पार्सलला दिलेली डिस्क संध्याकाळी स्वारगेटला असते. मी हिशेब असा ठेवला होता: २० जीबीच्या आतलं नेटवरून, त्यावरचं डिस्कवर. आणि काम घाईचं असेल तर दोन्ही, म्हणजे व्यापाऱ्याचा तो टॅलीचा छोटा फोल्डर आज रात्रीच नेटवरून आणि बाकी पसारा उद्याच्या गाडीनं. डिस्कवरही कुलूपबंद तुकडेच जातात, त्यामुळे ती वाटेत कुणाच्या हाती लागली तरी काही उघडत नाही. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते. जुन्या फॅट-३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

गूगलचं फुकट खातं १५ जीबीचं, त्यात तुमचे मेल आणि फोटोही आले. धंद्यासाठी वेगळं खातं काढून थोडी जागा विकत घ्या. लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही" अशी ठेवू नका, गिऱ्हाइकाच्या ईमेलपुरती ठेवा आणि त्यानं उतरवून घेतलं की काढून टाका. कुलूप न लावलेले फोटो तर ड्राइव्हवर चढवूच नका, कारण या कंपन्या साठवलेल्या फाइली यंत्रानं तपासतात. आजारी बाळाचे डॉक्टरांसाठी काढलेले फोटो खात्यात होते म्हणून एका बापाचं अख्खं गूगल खातं बंद झाल्याचं अमेरिकेतलं प्रकरण २०२२ मध्ये गाजलं होतं. तुमच्याकडे तर शंभर घरांचे फोटो येणार. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याच्यावरची तारीखही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच जातो, २ जीबीपर्यंत. आणि एकाच सेवेवर सगळा धंदा टांगू नका. मे २०२० मध्ये सरकारनं मोठ्या फाइली पाठवायची वीट्रान्सफर ही साइट अडवली तेव्हा मी दोन दिवस नुसता फोनवर माफी मागत होतो. घरीच सर्व्हर लावायचा विचार कुणी डोक्यात घातला तर सोडून द्या. घरच्या कनेक्शनला बहुधा बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता नसतो, आणि एफटीपी या फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघडाच जातो.

आता पैशांकडे. सासऱ्यांची भीती खरी आहे. कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली की तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि पैसे जिथून जिथून फिरले त्या त्या खात्यांतले पैसे गोठवले जातात. मधल्या कुणी त्याच पैशांतून तुमचं बिल भरलं असेल तर तुमचंही खातं त्या साखळीत येतं, तुमचा काही दोष नसताना. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी अख्खं खातं. त्यात घराचा हप्ता जाणारं खातं असेल तर महिना कसा काढायचा? म्हणून इतर काहीही करण्याआधी, याच आठवड्यात, धंद्याचं खातं वेगळं करा. शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना द्या, एकट्या माणसाला पूर्ण नोंदणी लागत नाही. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी सरकारी साइटवर आधार आणि पॅनवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटी खासगी आहेत. हे दोन कागद घेऊन बँकेत गेलात की करंट खातं निघेल आणि त्यावर धंद्याचा क्यूआर मिळेल. खात्यातून खात्यात येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, जानेवारी २०२० पासून.

त्या खात्यात आठवड्याला जे जमा होईल ते घरच्या खात्यात वळवत राहा. आणि कधी खातं गोठवलं गेलंच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्यानं सांगितलं ते लेखी घ्या. तेव्हा तुमची पावती, मंजूर यादी आणि बिल हेच तुमचे साक्षीदार. त्यासाठी एक नियम पाळा: ज्याचं काम त्याच्याच खात्यातून पैसे. "माझा मित्र पाठवतोय" म्हणाला तर त्या मित्राचं नाव, नंबर पावतीवर चढवा. नाव सांगायला का कू केली तर पैसे घेऊ नका. कुणी "चुकून जास्त गेले, परत करा" म्हणालं तर घाईनं दुसऱ्या नंबरवर परत पाठवू नका, बँकेला सांगा.

स्क्रीनशॉट बघायचाच नाही. पैसे भरल्याचं हुबेहूब पान दाखवणारी नकली ॲप बाजारात आहेत. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये स्वतः खातं उघडून रक्कम दिसली तरच जमा. मेसेजवरही विसंबू नका, तोही बनवता येतो. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, कारण तुम्ही खोलीत काम करत असताना फोन सासूबाईंच्या हातात असेल.

मैत्रीण म्हणते तो गेटवे आता नको. कार्डावर, हप्त्यात पैसे भरणारी गिऱ्हाइकं वाढली की घ्या. तेव्हाही वेबसाइट लागत नाही, या कंपन्या नुसती पेमेंट लिंक काढून देतात. साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असं कापतात, म्हणजे ८ हजारांच्या कामावर जवळजवळ १८९ रुपये, आणि पैसे दोन-तीन कामाच्या दिवसांनी खात्यात येतात. किल्ली कधी द्यायची हे ठरवताना तेवढं लक्षात असू द्या. आणि कार्डानं भरलेले पैसे गिऱ्हाईक बँकेकडे तक्रार करून नंतरही परत ओढू शकतं. तेव्हाही मंजूर यादीच कामाला येते.

जीएसटीची चिंता आत्ता करू नका. सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरी. फक्त एक फट आहे. बेळगावच्या किंवा गोव्याच्या माणसाला तुम्ही नवी डिस्क विकलीत तर तो परराज्यात गेलेला माल ठरतो, आणि मालाला ही सवलत नाही. म्हणून परराज्यातल्यांना सांगा, तुमची रिकामी डिस्क तुम्हीच पाठवा. बाकी मार्चअखेरीस सगळ्या पावत्या एखाद्या सीएला दाखवा.

दुबईच्या गृहस्थांना विचारा, भारतात एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं आहे का. असेल तर त्यांना तिथल्या मोबाइल नंबरवरही यूपीआय जोडता येतं, ज्या देशांचे नंबर चालतात त्यांत अमिरात आहे. नसेल तर तुमच्या करंट खात्यात थेट बँकेतून पाठवू द्या, बँक तुम्हाला पैसे कशाचे ते विचारेल, बिल दाखवा. पेपॅलही चालेल, एप्रिल २०२१ पासून ते भारतात फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी राहिलंय, पण कापतं बरंच. "कराडचा माझा माणूस तुम्हाला रोख आणून देईल" हे मात्र नको.

एक माझी चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये. कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांची हार्ड डिस्क होती. त्यांच्या पत्नी गात असत, त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. सगळं निघालं. मी मूळ डिस्क आणि नवी डिस्क एकाच खोक्यात घालून पाठवली, आणि जागा हवी म्हणून त्याच संध्याकाळी माझ्याकडची प्रत पुसली. जुलै महिना. खोकं पोचलं तेव्हा त्यातून पाणी निथळत होतं. मूळ डिस्क आधीच मरणपंथाला होती, नवीही गेली. त्यांनी मला एक वाईट शब्द ऐकवला नाही. "तुम्ही ऐकलं होतंत ना ते गाणं?" एवढंच विचारलं. मी तपासायला म्हणून अर्धा मिनिट ऐकलं होतं.

तेव्हापासून मूळ आणि प्रत कधी एका खोक्यात गेली नाही, आणि गिऱ्हाइकानं "उघडलं, सगळं दिसतंय" असं कळवल्यावर १५ दिवस प्रत माझ्याकडे राहायची. मग पुसायचो, आणि पुसल्याचं कळवायचो. तुम्हीही ही मुदत पावतीवर लिहा. मूळ डिस्क पैसे येईपर्यंत तुमच्याकडे ठेवायला हरकत नाही. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० मध्ये. सराफाकडे दागिना असतो तसाच. मात्र ती नीट सांभाळायची जबाबदारीही तुमचीच.

आणि ती माडीवरची खोली. कराडसारख्या गावात डिस्क आणून देणारी बाई तुमच्या नणंदेची मैत्रीण असते, पतपेढीतल्या कुणाची सून असते. तुमच्याकडे बाईमाणूस आहे म्हणून बऱ्याच जणी येत असतील, ज्या बाजारातल्या दुकानात फोन द्यायला धजावत नाहीत. हा विश्वास तुमचं खरं भांडवल आहे, तो फार हळू जमतो. काम चालू असताना खोलीला कडी, स्क्रीन दाराच्या उलट बाजूला, तपासणीपुरत्या फाइली उघडायच्या आणि पाहिलेलं जेवताना घरातही बोलायचं नाही. विश्वासानं हाती आलेली कुणाची माहिती बाहेर फोडली तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कलम ७२-अ. पण तुम्हाला ते कायद्यानं सांगावं लागेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आता सांगलीचे साडेसहा हजार. आधी शांतपणे त्यांच्याकडून व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक मागा. यूपीआय कधी कधी खरोखर मध्ये लटकतं, आणि तसं असेल तर त्यांचेही पैसे अडकलेत. तो क्रमांक बँकेत दाखवा. बँक म्हणाली असा व्यवहारच नाही, तर त्याच दिवशी लिंक बंद करा, बिल आणि त्यांचा स्क्रीनशॉट जोडून सात दिवसांची मुदत देणारा मेसेज पाठवा, भाषा साधी ठेवा, शिवीगाळ नको. मुदत गेली की सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नकली स्क्रीनशॉट देऊन माल नेणं ही फसवणूकच आहे, रक्कम लहान असली म्हणून ती उधारी होत नाही. त्यांचं मूळ कार्ड अजून तुमच्याकडे असेल तर ते पैसे येईपर्यंत परत देऊ नका. क्रमांक आला किंवा नाही आला, काय झालं ते मला कळवा.